सध्या काय वाचताय? आणि त्यातलं एक पान मोठ्याने वाचून बघाल का?

पानखूण:

मी सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचतेय. कॉलेजात असताना दोन दिवसांत संपवली होती. या वेळी आज तेविसावा दिवस आहे आणि अजून तिसऱ्या भागातच आहे, कारण मी ती मोठ्याने वाचतेय, आईसाठी.

आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग, खराब झाल्याचं कळलं. कडेचं तिला दिसतं. घरात ती कशाला न धडकता फिरते, दारात कोणी आलं की तिला कळतं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच जातं. माणसाकडे बघितलं तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग, ओळीकडे बघितलं तर हवा तोच शब्द गायब आणि शेजारचे दोन दिसतात. तिच्या उशाशी कायम दोन पुस्तकं असायची, एक चालू आणि एक रांगेत. पुढचे काही महिने तिने ती तशीच ठेवली, नुसती. एका रात्री मी त्यातलं वरचं उचललं आणि विचारलं, वाचू का?

तेव्हापासून रात्री साडेआठ ते सव्वानऊ. दीड डझन पानं होतात, कधी कमी.

पहिल्या आठवड्यात मी वाईट वाचत होते. डोळे पुढच्या ओळीवर आणि तोंड मागच्या ओळीवर, त्यामुळे शब्द गळायचे. आई लगेच म्हणायची, "थांब. इथे काहीतरी सुटलं." प्रत्येक वेळी खरंच सुटलेलं असायचं! संवाद आला की मी बाईचा आवाज, बुवाचा आवाज असं करायला लागले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आवाज बदलू नकोस. नुसतं वाच. माणसं मी ओळखते."

ते सोडल्यापासून मला एक गोष्ट कळायला लागली, तिच्यासाठीच हा धागा. लक्ष्मीबाईंची वाक्यं श्वासात मावतात. त्यांना शाळा मिळाली नव्हती, अकराव्या वर्षी लग्न झालं, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. म्हणून असेल किंवा नसेल, पण त्यांचं वाक्य बोलणाऱ्या बाईचं वाक्य आहे. एक गोष्ट सांगतात, थांबतात, दुसरी सांगतात. सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. डोळ्यांनी वाचताना मला ते विनोदी वाटलं होतं. मोठ्याने वाचताना त्याच परिच्छेदात लहान मुलीची धास्ती ऐकू आली, आणि आई म्हणाली, "ही हसत हसत सांगतेय, पण विसरली नाहीये."

१८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तो भाग वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. नवऱ्याने धर्म बदलला, आपण मागे राहिलो, लोक भेटायला येऊन काय काय बोलले, हे सगळं त्या एकही मोठा शब्द न वापरता सांगतात. मोठा शब्द आला असता तर मला टेकायला जागा मिळाली असती. तिथे तशी जागाच नाही, वाचत जावं लागतं.

तर विचारायचं असं. तुम्ही सध्या काय वाचताय? दहा आवडत्या पुस्तकांची यादी नको, आज ज्यात खूण आहे ते एकच सांगा. आणि जमलं तर त्यातलं एक पान दार लावून मोठ्याने वाचून बघा आणि काय झालं ते लिहा. आमच्या रांगेतलं पुढचं पुस्तक मला त्यातून निवडायचं आहे.

सावकाश:

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. तिसऱ्यांदा वाचतोय. घरावर कर्ज, म्हणून हा भटजी काकांना घेऊन १८५७ साली उत्तरेला निघतो. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशोब. महूजवळ वाटेत शिपाई भेटतात आणि सांगतात की दोन-चार दिवसांत काय होणार आहे. पुढे झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. माझी खूण सध्या झाशी पडल्यानंतरच्या पानांत आहे. माणसं मारली जातात, घरं जळतात, ते सगळं तो सांगतोच. पण राजवाड्यातला ग्रंथसंग्रह नष्ट झाला तिथे त्याची लेखणी रेंगाळते. भिक्षुक माणूस, पोथ्या हातांनी लिहून काढाव्या लागत त्या काळातला. काय गेलं हे त्याला नीट कळत होतं.

मोठ्याने वाचून बघितलं. लिहिल्यासारखं वाटतच नाही, प्रवासातून आलेला माणूस ओसरीवर बसून सांगतोय असं वाटतं. तुमच्या आईंना आवडेल. फक्त आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी हे पहिल्यांदा छापलं तेव्हा भाषा बरीच बदलली होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ची. मोठ्याने वाचायचं असेल तर मूळचीच घ्या.

पानखूण:

सावकाश, ग्रंथसंग्रहाचं तुम्ही लिहिलंय ते आईला लगेच वाचून दाखवलं. काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, रांगेत लाव.

कुंपणावरून:

ताई, तुम्हाला दुखवायचं नाही, पण ऑडिओबुक का नाही? हल्ली मराठीत बरीच आहेत आणि वाचणारे तयारीचे असतात. तुमचा घसा आणि वेळ दोन्ही वाचेल.

पानखूण:

दुखावले नाही. करून बघितलं होतं. वाचणारा खरंच चांगला होता. पण आई ऐकताना मध्ये बोलते. "ही कोण गं, मघाची ती जाऊ का?" "परत वाच ते." "मला नाही पटलं हे." फोन थांबवून तिला हे सगळं बोलता येत होतं, पण उत्तर द्यायला कोणी नव्हतं, म्हणून हळूहळू तिने बोलणं सोडलं, आणि मग ऐकणंही. दुपारी मी कामावर असते तेव्हा ती अजूनही कधीकधी लावते. दोन्ही असू दे. पण रात्रीचे पाऊण तास मी कोणाला देणार नाही, आता ते माझेही आहेत.

रात्रपाळी:

उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०ची कादंबरी. मी तिच्यात दोन वेळा अडकून बाहेर पडलोय. कारण सरळ आहे, संवाद वऱ्हाडीत आहेत आणि ती माझी बोली नाही. प्रत्येक वाक्याला डोळा अडखळायचा, मनात प्रमाण मराठीत भाषांतर करायचो, आणि तोवर नायिकेचा, कौतिकचा, राग निवून जायचा.

तुमचा प्रश्न वाचून काल पहाटे कामावरून आल्यावर चार पानं मोठ्याने वाचली. लाज वाटत होती, माझे उच्चार चुकत असणार. पण दुसऱ्या पानापासून भाषांतर बंद झालं. ती बोली कागदावर अनोळखी दिसते, पण तोंडाला तिची चाल सापडते. क्रियापद कुठे तुटतं, हेल कुठे वर जातो, हे जिभेला आधी कळलं आणि मला नंतर. कौतिक नवऱ्याला बोलते ते ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं की ही चिडलेली नाहीये, दमलेली आहे. दोन वेळा पुस्तक सोडलं तेव्हा मी तिला भांडखोर बाई समजलो होतो.

आता सोडणार नाही. एका पानाला तीन मिनिटं लागतात, लागू देत.

पानखूण:

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. चिडलेली नाही, दमलेली आहे, हे अगदी असंच लक्ष्मीबाईंच्या बाबतीत माझं झालं होतं. टिळक घरातलं होतं नव्हतं ते कोणालाही देऊन टाकतात, न सांगता निघून जातात, आणि बाई भांडतात. कॉलेजात असताना मला टिळक थोर वाटले होते आणि बाई विनोदी. आता त्या भांडणांत घर चालवणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो.

ज्यांना बोलीतलं पुस्तक अवघड जातं त्यांनी हे नक्की करून बघा. उच्चार चुकले तरी चालतील.

माघ:

मी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचतेय, चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख असं, महिन्याला एक लेख. हे माझं दुसरं वर्ष. १९५६चं पुस्तक आहे, पण शिळं होण्याचा प्रश्नच नाही. झाडं त्यांची वेळ पाळतात, त्यामुळे लेख वाचून बाहेर बघितलं की पुस्तकातलं झाड समोर असतं, निदान त्याचा भाऊबंद तरी.

मोठ्याने वाचायचं म्हटलंत म्हणून वाचलं, आणि खरं सांगते, जमलं नाही. वाक्य लांब, रंगाला रंग जोडत जाणारं, एका झाडाच्या पालवीच्या चार छटा एका दमात. तिसऱ्या छटेपर्यंत माझा आवाज सपाट झाला. डोळ्यांनी वाचताना मी मध्ये थांबते, परत मागे जाते, एका विशेषणावर बसून राहते. आवाजाला ती सोय नाही. तेव्हा तुमच्या कसोटीला एक पुरवणी जोडावी लागेल. काही गद्य कानासाठी नसतं, आणि म्हणून ते उणं ठरत नाही.

पानखूण:

माघ, मान्य, पूर्ण मान्य. मी कसोटी म्हणून लिहिलं नव्हतं, पण वाचताना तसं वाटतंय खरं. काही पुस्तकं एकट्याने, मागेपुढे जात वाचायची असतात. त्या दुःखाबद्दल मी आईशी अजून बोललेले नाही. मी वाचलेलं तिच्यापर्यंत पोचतं, पण मागे जाऊन एका विशेषणावर बसणं, ते तिचं तिलाच करता यायचं.

तरी एक सुचवते. वाचण्याआधी लेख एकदा मनात वाचून ठेवा, आणि पेन्सिलीने श्वासाच्या जागी बारीक रेघ मारा. स्वल्पविराम असतो तिथेच श्वास लागतो असं नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणारा शेवटपर्यंत अधांतरी असतो. वाक्य कुठे संपणार हे वाचणाऱ्याला आधी माहीत असेल तर आवाज त्याला धरून ठेवतो. मी आता रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत रात्रीची पानं एकदा बघून ठेवते.

एक_पान_अजून:

'रणांगण'. विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि चक्रधर आणि हॅर्टा. एवढंसं पुस्तक आहे, एका बैठकीत संपतं, आणि मी तीन आठवडे त्यात आहे कारण संपवायचं नाहीये. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी हे मराठीत छापलेलं होतं, हे मला दर वेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं. मोठ्याने वाचलं नाही. घरात सगळे असतात आणि ते पुस्तक मला कोणाच्या देखत वाचायचं नाही.

पानखूण:

नकाच वाचू. आईला नाव सांगितलं तर ती म्हणाली, ते मी तुझ्या जन्माच्या आधी वाचलंय, तुझ्याकडून ऐकायचं नाही. कारण विचारलं नाही.

पाठमोरा:

मी सध्या स्वतःसाठी काहीच वाचत नाही, मुलासाठी वाचतोय. तो अकरा वर्षांचा आहे, स्वतः वाचू शकतो, पण झोपताना बाबाने वाचलेलं हवं असतं. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' चालू आहे. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या ज्या कादंबरीला १९३९चा पुलित्झर मिळाला ती. एवढं मराठी झालेलं भाषांतर मी क्वचित वाचलंय. माणसं परकी, जंगल परकं, पण वाक्य कुठेही परकं नाही. मोठ्याने वाचताना ते जास्तच जाणवतं, कारण भाषांतरात इंग्रजी राहिली असेल तर ती जिभेला पहिल्यांदा टोचते. इथे टोचत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. शेवट मला माहीत आहे. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल, बाकीच्यांसाठी लिहीत नाही. अजून साठेक पानं आहेत. तो त्या पाडसावर जीव लावून बसलाय, त्याच्या वहीत त्याचं चित्र आहे. थांबवू? आधी सांगून ठेवू? की मधली पानं गाळू?

सावकाश:

गाळू नका. पुढे कधीतरी स्वतः वाचेल तेव्हा त्याला कळेल की बाबांनी गाळलं होतं.

रात्रपाळी:

मला लहानपणी कोणी आधी सांगितलं असतं तर मी पुढे ऐकलंच नसतं. न सांगता वाचा.

पानखूण:

पाठमोरा, तुमचा प्रश्न मी आईला वाचून दाखवला, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिने मला लहानपणी बरंच वाचून दाखवलंय, त्यात रडवणारंही होतं. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते: "आधी सांगू नको म्हणावं. पण ते पान रात्री शेवटी येईल असं ठेवू नको. लवकर सुरू कर, म्हणजे नंतर बोलायला वेळ राहील. आणि वाचून झालं की लगेच दिवा घालवू नको."

पाठमोरा:

आईंना नमस्कार सांगा. तसंच करतो.

कुंपणावरून:

माझं मघाशी राहिलं. मी एक भारी जाड चरित्र वाचत होतो, दोनशेव्या पानावर कंटाळून ठेवलं होतं. तुमच्या सांगण्यावरून एक पान मोठ्याने वाचलं. चौथ्या ओळीला कळलं की कंटाळा माझा नव्हता, लेखकाचा होता. एकाच वाक्यात तीन तारखा, दोन समित्या आणि क्रियापद "करण्यात आले". कोणी केलं ते नाहीच. परत शेल्फात ठेवलं आणि अजिबात वाईट वाटलं नाही. आता गोडसे भटजी मागवतोय.

पानखूण:

"करण्यात आले" ला आई नेहमी विचारते, "कोणी?" आता तर मीही वाचायच्या आधी शोधते.

गोडसे घेताय तर शेजारी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असू द्या. त्याची दुसरी आवृत्ती १८५७चीच, साठेक हजार शब्दांची. भटजी घरून निघाले त्याच साली छापलेली, त्यामुळे त्यांच्या तोंडचे बरेच शब्द तिथे त्याच अर्थाने सापडतात. मी 'स्मृतिचित्रां'साठीही वापरते. आई अर्थ आधी स्वतः सांगते आणि मग म्हणते, बघ बरं साहेब काय म्हणतो. आजवर दोनदाच वेगळं निघालं.

माघ:

पेन्सिलीच्या रेघा मारून बघितल्या. अर्धा लेख नवऱ्याला वाचून दाखवला. तो मध्येच उठून खिडकीशी गेला. मला वाटलं कंटाळला, पण तो समोरच्या झाडाच्या पालवीचा रंग बघत होता. माझं आधीचं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, पण अर्धं घेते.

पाठमोरा:

काल ते पान वाचलं. आठ वाजताच बसलो होतो. मला वाटलं होतं मी तयार आहे, दुपारी एकदा मनात वाचूनही ठेवलं होतं. तरी एका वाक्यावर आवाज गेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. त्याने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, माझं बोट जिथे होतं तिथून सुरू केलं आणि प्रकरण संपेपर्यंत त्यानेच वाचलं. मध्ये थांबला नाही. नंतर खूप वेळ बोललो. पाडसाबद्दल थोडं, बाकी दुसरंच. दिवा साडेदहाला घालवला.

पानखूण:

आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने.

आमचा चौथा भाग आज लागेल. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, आणि हा भाग त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. आई सकाळीच विचारत होती, आईची ओळ कुठे संपते आणि मुलाची कुठे सुरू होते, ते वाचताना तुला कळेल का? म्हटलं, मला आधी कळेल की तुला? ती म्हणाली, "तू काही सांगू नकोस. मी 'थांब' म्हणेन."